पाशाची भिंत

सेगेद, ११ मार्च १९७९

प्रिय देझोमामा,

तुमचं कार्ड पोचलं. एवढ्याशा जागेत तुम्ही तीन बातम्या बसवल्यात: गुडघा बरा आहे, वरच्या रस्त्यावर दुधाच्या ट्रकचं मागचं चाक जमिनीत गेलं, आणि आता कुणी इंजिनियर पिंपगल्लीतली सगळी तळघरं तपासायला येणार आहेत. पहिल्या बातमीवर माझा विश्वास नाही. दुसरी आमच्या इथल्या पेपरातही चार ओळींत आली होती. तिसरी मात्र तुम्ही इतक्या खुशीत कळवलीत, जणू दारात वरात येणार आहे.

मामा, एगेरच्या पोटात पोकळ जागा किती, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. घरासाठी दगड घराखालूनच काढायचा आणि दगड निघालेल्या पोकळीत वाइन ठेवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मी शाळेत भूगोल शिकवते, पण हा धडा तुमच्याकडूनच शिकले. तेव्हा त्या माणसांनी विचारलं तर तुम्ही काय सांगणार आहात?

विचारायचं कारण असं. काल वहीत लिहायला बसले आणि लिहिलं, 'मामांचं भुयार किल्ल्यापर्यंत जातं.' मग ते खोडून लिहिलं, 'जातं असं मामा म्हणतात.' ते वाचून मला कृतघ्न वाटलं, म्हणून तेही खोडलं. शेवटी ती ओळ रिकामीच सोडली. वय चव्वेचाळीस आणि मामाच्या भुयाराबद्दल एक वाक्य ठाम लिहिता येत नाही.

तुमची
एमोके

*

एगेर, २० मार्च १९७९

एमोके पोरी,

तेवीसला तुझा नामदिवस, कॅलेंडरात तुझ्या नावाचा दिवस, म्हणून हे आधीच टाकतोय. खूप जग आणि लग्न कर. (हे मी दरवर्षी लिहिणार. तू दरवर्षी रागव.)

आता ऐक. इंजिनियर आली. हो, आली. केलेमेनबाई. तिशीची असेल. पायात रबरी बूट, डोक्यावर लोखंडी टोपी, काखेत नकाशांची ही एवढी गुंडाळी. मी म्हटलं, "बाई, आमच्या तळघरात लढाई नाहीये." ती म्हणाली, "छत डोक्यात पडलं की कळेल, आजोबा." मला एकदम आवडली.

सगळी गल्ली गोळा झाली. ज्याच्या त्याच्या तळघरात ती उतरली आणि जो तो तिच्या मागे. शेजारची रोझालिया, नवरा गेल्यापासून तिला दिवसभर बोलायला माणूस लागतं, तर ती सांगू लागली की तिचं तळघर थेट तुर्की हमामाखाली निघतं, हिवाळ्यात वाफ येते. मी म्हटलं, "रोझालिया, ती वाफ तुझ्या तोंडाची."

"आणि तुझं भुयार रे? म्हणे तुर्की पाशाचं, पार किल्ल्यापर्यंत! जिना उतरताना तुला तीनदा बसावं लागतं!"

"पाशा तरुण होता."

बाईसुद्धा हसली. मग मी मेणबत्ती घेतली आणि तिला शेवटपर्यंत नेलं, आपल्या पाशाच्या भिंतीपाशी. तुला आठवतेच ती, मांजराच्या पाठीसारखी काळी मऊ बुरशी. बाईने बोट लावून पाहिलं, वास घेतला. मी सगळं सांगितलं: पाशाची बायको इथूनच पळाली, भिंतीमागे भुयार सरळ किल्ल्यात जातं आणि जाता जाता गल्लीतल्या एकेका घराखाली त्याचा एकेक फाटा आहे. पोरी, ती लिहून घेत होती! एक शब्द गाळला नाही. आजवर इतक्या लोकांना ही गोष्ट सांगितली, पण लिहून कुणी घेतली नव्हती.

नंतर काचेच्या नळीने पिंपातून ताजी वाइन काढून दिली, रोझालियाच्या गरम खाऱ्या पोगाचांबरोबर. बाईने पाच खाल्ल्या. चांगला दिवस गेला.

तुझा मामा

*

सेगेद, २६ मार्च १९७९

प्रिय देझोमामा,

शुभेच्छा मिळाल्या, ठरल्याप्रमाणे रागावले.

पण आता मी खरंच काळजीत आहे. ती बाई तुमच्याकडे पाहुणी म्हणून आली नव्हती. तुम्ही जिथे 'फाटा' म्हणालात तिथे ती नकाशावर पोकळी काढणार. एकेका घराखाली एकेक फाटा, म्हणजे गल्लीतलं एकूण एक घर पोकळीवर उभं. अशा गल्लीचं पुढे काय होतं हे तुम्हाला माहीत नाही का? माणसं हलवतात, घरं पाडतात आणि खाली वाळू भरतात. दुसऱ्या एका गावात हे मी स्वतः पाहिलं आहे. तिथे आता बाग आहे. बाग छान आहे, पण तिथे कुणी राहत नाही.

कृपा करून तिच्याकडे जा आणि सांगा की भिंतीपलीकडे तुम्ही कधीही गेला नाहीत. माझ्याशी थापा मारल्यात तर चालतील, तिच्याशी नको.

हे वाक्य लिहून मी थांबले. माझ्याशी का चालतील? मला उत्तर सुचतं ते असं. लढाईच्या त्या हिवाळ्यात सैनिकांनी बाबांना नेलं तेव्हा तुम्ही मला सांगितलंत की ते परत येतील ते रस्त्याने नाही, किल्ल्याकडून, भुयारातून. मी त्या भिंतीला कान लावून बसायचे. आई जेवायला हाक मारायची आणि तुम्ही माझ्यासाठी खालीच भाकरीवर चरबी आणि कांदा घालून आणायचात. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. आजही नाही. ती थाप नसती तर त्या वर्षी मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

पण केलेमेनबाईंचे बाबा भुयारातून येणार नाहीयेत. त्यांना खरं सांगा.

एमोके

*

एगेर, १९ एप्रिल १९७९

एमोके,

पत्राला उशीर झाला. गुडघा.

बरं, गुडघा नाही. ईस्टरच्या सोमवारी मी दरवर्षीसारखा, रिवाजाप्रमाणे, अत्तराची बाटली घेऊन रोझालियावर शिंपडायला गेलो, तर तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "जा, किल्ल्यात जाऊन शिंपड." तिच्या दारावर लाल वर्तुळ आहे. माझ्या दारावर आहे. गल्लीत सगळ्यांच्या दारांवर आहे. उन्हाळ्याअखेर घरं रिकामी करायची. मला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळणार आहे म्हणे. मी विचारलं, पिंपं कुठे ठेवू? तिथला माणूस म्हणाला, न्हाणीघर आहे की.

तू म्हणालीस तसं केलं. केलेमेनबाईच्या कचेरीत गेलो, चांगला कोट घालून. आणि तिला जे सांगितलं ते आता तुलाही सांगतो.

ती भिंत पाशाची नाही. ती मी आणि तुझ्या वडिलांनी बांधली. चव्वेचाळीस सालच्या शरदात, तोफा ऐकू यायला लागल्या तेव्हा. मागे भुयार नाही, एक कोनाडा आहे, तीन पिंपं आणि थोड्या बाटल्या मावतील एवढा. सैनिक कुठलेही असोत, आधी तळघरात शिरतात. नव्या विटा ओळखू येऊ नयेत म्हणून आम्ही त्यांना काजळी आणि पिंपाच्या तळाचा गाळ फासला. तळघरातली काळी बुरशी दारूच्या वासावरच जगते. दोनेक हिवाळ्यांत तिने भिंत अशी झाकली की मलाच ओळख पटेना. पाशाचं नाव तुझ्या वडिलांनी, आकोशने काढलं. म्हणाला, "देझो, जुन्या भिंतीला कुणी हात लावत नाही. हिला चारशे वर्षांची करून टाकू."

बाईने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "आजोबा, मार्चमध्ये तुम्ही आईची शपथ घेऊन सांगितलंत की भिंत पाशाची. आता म्हणता, तुमची. मी कुठल्या आजोबांचं ऐकू?"

"आजच्या."

"आजच्यांच्या दारावर लाल खूण आहे."

एवढी वर्षं मी ती गोष्ट इतकी नीट सांगत आलो की आता खरंच थाप वाटायला लागलंय.

वाईट नाहीये गं ती. म्हणाली की बाकीच्या तळघरांचे शेवट तिने डोळ्यांनी पाहिलेत, तिथे साधा कातळ आहे. अडलंय ते माझ्या भिंतीपाशी. मी ती तिच्यासमोर उघडली आणि मागे खरंच कोनाडा निघाला तर सगळी वर्तुळं ती पुसेल.

मी नाही म्हणालो.

कारण विचारू नकोस.

देझो

*

सेगेद, २५ एप्रिल १९७९

प्रिय मामा,

कारण विचारत नाही. मला ते कळलंय असं वाटतं. भिंत तुम्ही दोघांनी बांधलीत तेव्हा दोघांनीच उघडायची, असं ठरलं असणार. तुम्ही अजून त्यांची वाट बघताय. त्याला मी नावं ठेवणार नाही.

म्हणून दुसरा मार्ग शोधत होते. तुमचं पत्र वाचल्यापासून मला एक गोष्ट आठवतेय, किंवा मी ती रचतेय, नक्की सांगता येत नाही. मी जिन्यात उभी आहे आणि वरून आलेल्या विटा एकेक करून खाली देतेय. विटेच्या एका बाजूला दोन अक्षरं आणि मधे तारा कोरलेला आहे, आणि अक्षरांच्या कडा माझ्या अंगठ्याला टोचतात. बाबा म्हणतात, "अक्षरं आतल्या बाजूला, देझो." हे खरं घडलं का? मी दोन दिवस स्वतःला तपासतेय. अंगठ्याचं टोचणं मी कुठून आणलं असतं?

आणि घडलं असेल तर मग भिंत बांधताना मी पाहिली होती. ती माझ्या हातून गेलेल्या विटांची आहे हे मला माहीत होतं, आणि तरी तिच्यापलीकडे किल्ल्यापर्यंत भुयार आहे हेही मी मानत होते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात, भांडण न करता. वर्गातल्या मुलींना मी 'नीट विचार करा' म्हणते तेव्हा यापुढे जरा हळू आवाजात म्हणेन.

तर मामा, भिंत पाडू नका. कोपऱ्यातली एकच वीट ओढून काढा. मागच्या बाजूला अक्षरं असतील तर केलेमेनबाईंना दाखवा. पाशाच्या विटांवर वीटभट्टीचा शिक्का नव्हता.

एमोके

*

एगेर, ३ मे १९७९

एमोके पोरी,

अक्षरं आहेत. तारासुद्धा. तू रचलेलं नाहीस. तू जिन्यात उभी होतीस आणि दर विटेला विचारायचीस, "आता किती उरल्या?"

वीट काढायला अर्धा दिवस लागला. चुना मी कालवला होता, आणि मी चांगला कालवतो. बुरशीचा पट्टा सोलून निघाला आणि खाली लालभडक, काल भट्टीतून आणल्यासारखी.

केलेमेनबाईने ती हातात घेतली, उलटी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, आयुष्यात एकदा तरी खरं बोललात." मग भोकात विजेरी धरून कितीतरी वेळ बघत राहिली. तिला एका पिंपाचं पोट दिसलं. पण त्याच्या मागे काय, ते दिसत नाही. म्हणाली, "भिंत तुमची, हे मान्य. मागे कातळ आहे की पोकळी, हे पाहिल्याशिवाय मी सही करू शकत नाही. उद्या रोझालियाबाईंचं घर खचलं तर?" बरोबर बोलली. शुक्रवार, अठरा मेपर्यंतची मुदत दिलीय. त्यानंतर कागद वर जातील.

रोझालिया आता बोलते माझ्याशी, पण कुंपणावरून ओरडून. "एका भिंतीपायी मला त्या खुराड्यात पाठवणार तू? काय दडवलंयस तिथे, पाशाची बायको?"

तेव्हा आता कारण सांगतो, कारण तू चुकीचं ओळखलंस. मी आकोशची वाट बघत नाही. सत्तेचाळीस साली त्याच्या छावणीतून परत आलेला एक माणूस मला स्टेशनवर भेटला होता. त्याने मला सगळं सांगितलं. तुझ्या आईलाही मी ते सांगितलं होतं, तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलं, आणि पुढे तू न विचारताच समजून घेतलंस.

पण त्याच्या आधी, तू दहा वर्षांची असताना, मी ती भिंत फोडायला निघालो होतो. घरात मीठसुद्धा नव्हतं, वाइन विकायची होती. कुदळ हातात होती. तू मधे उभी राहिलीस, पाठ भिंतीला लावून. म्हणालीस, "भुयार उघडं पडलं तर त्यांना पकडतील." आणि माझ्याकडून शपथ घेतलीस की बाबा आतून येईपर्यंत बाहेरून कुणी हात लावायचा नाही. मी घेतली. गंमत म्हणून नाही घेतली.

तेव्हा ती भिंत तुझी आहे. जी तुझी आहे ती मी कशी तोडू?

मामा

*

सेगेद, ८ मे १९७९

मामा,

तुमचं पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि उठून बाहेर जावं लागलं.

ती शपथ मला आठवत नाही. विटा आठवतात, चरबीची भाकरी आठवते, पण शपथ नाही. प्रामाणिकपणे सांगते, खूप प्रयत्न केला. तुम्ही चौतीस वर्षं पाळलेली गोष्ट मी मागितली होती हेच मला ठाऊक नव्हतं.

मला काय वाटत होतं सांगू? मोठी झाल्यावर दर सुट्टीत मी तळघरात उतरायचे, भिंतीजवळ जायचे आणि काही न बोलता परत यायचे. ते तुमच्यासाठी होतं. मला वाटायचं, मामांना बरं वाटतं मी अजून मानते म्हणून. आणि तुम्ही पाहुण्यांना गोष्ट सांगताना माझ्याकडे बघायचात, ते माझ्यासाठी होतं. आपण दोघं दोन बाजूंनी त्या भिंतीला टेकू देत उभे राहिलो, आणि कुणीच कुणाला विचारलं नाही की दमलास का.

मी दमले आहे. तुम्हीही असाल.

बाबा येणार नाहीत हे मला खूप वर्षांपासून माहीत आहे. शपथ माझी असेल तर ती मी सोडते. अठरा तारखेला मला येता येणार नाही, मुलींच्या शेवटच्या परीक्षा आहेत आणि माझ्याऐवजी कुणी नाही. माझ्यासाठी थांबू नका. भिंत पाडा. रोझालियाबाईंना सांगा, त्यांनी हमामाखालीच राहायचं आहे.

एमोके

*

एगेर, १८ मे १९७९

एमोके पोरी,

पाडली.

पहिला घाव मी घातला, गुडघ्याने नको म्हटलं तरी. पुढचे गल्लीतल्या इतरांनी. केलेमेनबाई मधे मधे "सावकाश!" ओरडत होती, रोझालिया तिच्या मागे उभी राहून "जोरात!" ओरडत होती. मेणबत्ती आधी आत धरली. ज्योत सरळ राहिली. हवा चांगली होती.

मागे कातळ आहे, माझ्या आजोबांच्या छिन्नीच्या खुणांसकट. बाईने हातोडीने एकेक जागा ठोकून पाहिली. सगळीकडे भरीव आवाज. किल्ला वगैरे काही नाही. मला जरा वाईटच वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोन मोठी पिंपं सुकून मोडलीत. कड्या खाली पडल्यात आणि फळ्या फुलासारख्या उघडल्यात. मीच घडवलेली होती, पण मी चिडलो नाही, आत वाइन नसेल तर कुठलंही पिंप टिकत नाही. तिसरं छोटं अजून उभं आहे. वाळूत पाच बाटल्या आहेत, बुचांवर मेण शाबूत. उघडलेल्या नाहीत. व्हिनेगर झालं असेल तर सॅलडवर घालू.

बाईने तिथेच नकाशावर सही केली. रोझालियाने टर्पेंटाइन आणून स्वतःचं वर्तुळ पुसलं, मग बाकीच्यांची पुसत गेली, माझं सगळ्यात शेवटी, मुद्दाम. कोनाड्याच्या तोंडाला विटांचा एक खांब घालायचाय, तेवढंच. विटा आहेतच. चुना मी कालवेन.

आता जे सांगण्यासाठी खरं बसलोय ते.

छोट्या पिंपावर ग्लास पालथे ठेवले होते. ते मी ठेवले होते, भिंत चढवताना. एक माझा, एक आकोशचा, परत उघडू त्या दिवसासाठी. पोरी, तिथे तीन ग्लास आहेत.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. दोनच ठेवले होते मी. मग आठवलं. शेवटचा थर उरला होता तेव्हा आकोशने मला वर पाठवलं होतं, चुना कमी पडेल म्हणून. खाली आलो तर म्हणाला, "काय करायचाय, पुरतोय." मला तेव्हा राग आला होता.

आधी वाटलं, तुझ्या आईसाठी असेल. पण तुझी आई वाइनला शिवायची नाही, हे आकोशला माझ्याइतकंच ठाऊक होतं. आणि तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. पोरासाठी कुणी ठेवलाच तर छोटा पेला ठेवेल. हा मोठा आहे, आमच्यासारखाच, उंच दांड्याचा. म्हणजे आकोशने ओळखलं होतं की हे लवकर उघडणार नाही. तू पिण्याएवढी मोठी होशील इतका वेळ जाईल, असं त्याने धरलं होतं. आणि तरी तू तिथे असशील, असंही धरलं होतं. मला तो नेहमी म्हणायचा की देझो, तुला पुढचं दिसत नाही.

तिन्ही तसेच पालथे ठेवलेत. रोझालिया गल्लीत सांगत सुटलीय की तिसरा पाशाच्या बायकोचा. सांगू दे. मी सुधारलो, आता तिची पाळी.

मामा

*

सेगेद, २२ मे १९७९

प्रिय देझोमामा,

उद्या तुमचा नामदिवस. खूप जगा आणि लग्न करा. रोझालियाबाई पोगाचा चांगल्या करतात.

शनिवारी शाळा सुटली की पहिल्या गाडीने निघते. राजधानीत, पेस्तला गाडी बदलून अंधार पडायच्या आत पोचेन. न्यायला येऊ नका, गुडघ्याला विश्रांती द्या. दारावरची वर्तुळं नसली तरी घर मला सापडेल.

मार्चमध्ये वहीत जी ओळ रिकामी सोडली होती ती आज भरली. 'मामांचं भुयार तीन पिंपांच्या कोनाड्यापर्यंत जातं.' एकही शब्द खोडावा लागला नाही. मग खाली आणखी एक लिहिली, 'बाबा तिथपर्यंत आले होते.' ती जरा वेळ तपासली. तीही राहू दिली.

बाटली मी आल्यावर उघडा. ग्लासांवरची धूळ मी पुसेन, तोवर हात लावू नका. आणि मामा, व्हिनेगर निघालं तरी तिसरा ग्लास अर्धा ठेवायचा नाही. काठोकाठ भरायचा.

तुमची
एमोके